चर्चा : लेकीचा माफीनामा, गंजलेलं कुलूप आणि आमचा प्रश्न – वसतिगृहात तक्रार करायची कुणाकडे?

अंबडची आई
माझी लेक संभाजीनगरला एका ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथल्याच वसतिगृहात राहते. संस्थेचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका.

दिवाळीच्या सुट्टीनंतर रविवारी ती अंबडहून निघाली. बदनापूरच्या अलीकडे एसटी बंद पडली. दुसरी गाडी येऊन सगळ्यांना घेईपर्यंत दीड तास गेला. तिनं रस्त्यातूनच रेक्टर मॅडमना फोन केला, तिकीटही जपून ठेवलं. मुलींचं गेट सातला बंद होतं, ती पोचली आठ वाजून दहा मिनिटांनी. रजिस्टरमध्ये नावापुढे लाल शाईनं ‘विनापरवाना उशीर’ असा शेरा पडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसवून माफीनामा लिहून घेतला. ‘मी जाणूनबुजून उशीर केला’ हे वाक्य तिला सांगून लिहायला लावलं. ती म्हणाली, मॅडम, जाणूनबुजून नाही केला. उत्तर मिळालं, सगळ्या असंच लिहितात. मुलांच्या वसतिगृहाचं गेट साडेनऊला बंद होतं, हेही सांगून ठेवते.

तक्रार कुठे करायची विचारलं, तर ‘आधी ज्यांच्याशी वाद आहे त्यांच्याशीच बोलायचं, आपल्याकडे अशीच पद्धत आहे.’ म्हणजे माफीनामा लिहून घेणाऱ्या मॅडमशीच. जिन्याखाली तक्रारपेटी आहे. मी स्वतः पाहिली. कुलूप गंजून तांबडं झालंय, फटीत चॉकलेटचा कागद अडकलाय. चावी कुणाकडे, असं शिपायाला विचारलं. रेक्टर मॅडमकडे.

शिस्तीसाठीच मी तिला तिथे घातलं. सकाळच्या प्रार्थनेलाही माझी हरकत नाही, फॉर्मवर संमतीची सही माझीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातात ती पडू नये.

परतूरकर
ताई, तिथं टाकलंच कशाला म्हणतो मी? प्रार्थनेला बसवायलेत तवाच कळायला पाहिजे होतं. त्यांचे नियम त्यांच्या धर्माचे. आपल्या लेकरायला आपल्याच कॉलेजात घालावं.

सेलूची माजी विद्यार्थिनी
ताई, राग मानू नका, पण मी उलट बाजूनं बोलणार आहे. २०१५ च्या दुष्काळात मी सिस्टर लोकांच्या वसतिगृहात होते. कापूस हातचा गेला होता, वडिलांनी मेसचं बिल पाच महिने भरलं नव्हतं. कुणी मला जेवणाच्या रांगेतून उठवलं नाही. टायफॉईड झाला तेव्हा एक सिस्टर दोन रात्री माझ्या खाटेजवळ खुर्ची टाकून बसली होती. हे कोणत्या नियमात लिहिलंय? कुठल्याच नाही. तीच सिस्टर गेटला पाच मिनिटं उशीर झाला तर बोलायची, आणि आम्ही ऐकून घ्यायचो.

उद्या प्रत्येक गोष्टीला अर्ज, समिती, अपील लावलं, तर ही माणसं नियमाबाहेर जाऊन मदत करणंही सोडतील. मग बिल थकलं की नोटीस, आजार झाला की ‘पालकांनी घेऊन जावे’. माझ्यासारख्या पोरीचं शिक्षण तिथेच थांबलं असतं. राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिलाय, तो अशा वातावरणासाठीच ना?

जालना, मिशनच्या मागची गल्ली
परतूरकर, आम्ही चार पिढ्या इथलेच ख्रिस्ती. धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून आमची मुळं याच मातीत आहेत. ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ कॉलेज अशी वाटणी वाचून वाईट वाटलं. गेटची वेळ आणि माफीनामे इतर वसतिगृहांतही असतात. प्रार्थनेचं म्हणाल, तर मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदानाच्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर पालकांची संमती लागते. कलम २८ मध्येच आहे ते.

आता ‘आधी त्यांच्याशीच बोल’ या पद्धतीबद्दल. ती कुठून आली ते मला माहीत आहे. बायबलात, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात, येशू सांगतो की भावानं अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून बोल. बऱ्याच ख्रिस्ती संस्था तक्रारीच्या बाबतीत या वचनाचा आधार घेतात. पण पुढच्या दोन ओळी कुणी वाचत नाही. त्यानं ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, म्हणजे गोष्ट साक्षीदारांच्या तोंडून पक्की होईल. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांना, सांग. पायऱ्या तीन आहेत. आणि पहिली पायरी ‘भावा’साठी आहे, बरोबरीच्या माणसासाठी. एकोणीस वर्षांची पोर आणि जिच्या सहीशिवाय तिला गेटबाहेर पाऊल टाकता येत नाही ती रेक्टर, यांना बरोबरीचे कसं म्हणायचं? पहिल्याच पायरीवर पोरीला अडवून ठेवणं ही आमच्या धर्माची शिकवण नव्हे. मी चर्चच्या कमिटीतही हे बोललो आहे.

निवृत्त हेडक्लार्क, नांदेड
नोकरीत आयुष्य आवक-जावक रजिस्टरवर गेलं, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम सगळ्या उच्च शिक्षण संस्थांना आहेत. समितीवर प्राध्यापक अध्यक्ष, चार ज्येष्ठ अध्यापक, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी. अध्यक्ष किंवा सदस्यांत निदान एक महिला हवी, आणि निदान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला हवा. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा, त्याची प्रत तक्रारदार विद्यार्थ्याला. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील. संलग्न कॉलेज असेल तर लोकपाल विद्यापीठाचा. शिस्तीचे नियमही प्रॉस्पेक्टसमध्ये प्रवेशाआधी द्यावे लागतात, तेव्हा सात वाजताचा नियम आणि उशिराची कार्यपद्धत छापील दाखवा म्हणून मागा.

मुली सातला, मुलं साडेनऊला, याबद्दलही यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांत आहे : सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत.

सेलूच्या ताईंना, कलम ३० मोठंच आहे. पण संस्था चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्येच, केरळ शिक्षण विधेयकाच्या वेळी सांगितलंय.

सेलूची माजी विद्यार्थिनी
कायदा मान्य. तरी एक सांगते, आमच्या सिस्टरला समितीपुढे उभं केलं असतं तर तिला ते फार लागलं असतं. पत्र आणि संशय वाढला की माया आटते, हे मी दुसऱ्या नोकरीच्या ठिकाणी पाहिलंय. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द लिहून घेतला, ते मला पटलं नाही. आमची सिस्टर रागावायची, खोटं लिहून घेत नव्हती. चावीचंही ताईंचं बरोबर आहे.

तिसऱ्या वर्षाची, वसतिगृहातून
नाव लिहीत नाही. इथं सगळ्याजणी नियम बोलायल्यात, पण पेटीत चिठ्ठी टाकायला हात धजत नाही हे कुणी बोलत नाही. इंटर्नलचे मार्क त्याच मॅडमच्या हातात. पुढच्या वर्षी खोली मिळेल का, तेबी त्यांच्याच हातात. माझ्या रूममेटनं पाण्याच्या टाकीबद्दल सहीनिशी लिहिलं, तर आठवडाभर तिला ‘तक्रारवाली’ म्हणून हाक मारली. टाकी साफ झाली, पण ती परत काही बोलली नाही. मावशी, तुमच्या लेकीला म्हणावं, एकटीनं जाऊ नको.

परतूरकर
मी पहिलं लिहिलं ते रागात लिहिलं. मिशनच्या गल्लीतल्या भावानं सांगितलेलं मला ठाऊक नव्हतं. गेटची वेळ मात्र माझ्या मते बरोबर आहे, रात्री गाडी बंद पडली की आईबापाचा जीव जातो.

अंबडची आई
भाऊ, जीव माझाही गेला होता. बदनापूरपासून लेक गेटच्या आत जाईपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नव्हता. म्हणूनच म्हणते, तिला दारात उभं करून जाब विचारण्याआधी कुणीतरी ‘जेवलीस का’ विचारायला हवं होतं. सेलूच्या ताई, तुमच्या सिस्टरनं ते विचारलं असतं, मला खात्री आहे.

हेडक्लार्क साहेब, अर्ज लेकीनंच लिहिलाय, दीड पान. सोबत तिकिटाची झेरॉक्स आणि फोनच्या कॉलची नोंद. मागणी दोनच ठेवल्यात : तो माफीनामा फाइलमधून काढावा, आणि पेटीची चावी रेक्टरकडे नसावी. गेटच्या वेळेचं आत्ता घातलं नाही, त्यावर सगळ्या मुलींनी मिळून लिहावं असं तिचं म्हणणं. तिच्या दोघी मैत्रिणी साक्षीदार म्हणून सह्या करायला तयार झाल्यात. सोमवारी सकाळच्या गाडीनं मी जातेय. दोन प्रती नेते. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून उठणार नाही.