मदत हवी आहे : सहावी, भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, एकच तासिका

बी.एड.ची आंतरवासिता चालू आहे. जिल्हा परिषद शाळा, सहावीचा पट ४८, तासिका ३५ मिनिटांची. पाठाचं निरीक्षण होणार आहे, त्यामुळे तो पुढे ढकलता येणार नाही.

मुलं १/२ + १/३ = २/५ लिहितात. लसाविची रीत दाखवली की फळ्यावरचं उदाहरण जमतं, आकडे बदलले की पुन्हा तेच. '२/५ तर निम्म्याहून कमी, मग मिळवून उत्तर घटलं कसं?' असं विचारलं की वर्ग थबकतो. मला हीच जागा सगळ्यात मोलाची वाटते.

कागदाच्या पट्ट्या करून पाहिल्या. निम्मी घडी सरळ पडते, तीन भागांची तिरकी जाते आणि त्यातच दहा-बारा मिनिटं जातात. १२ सेंमीची पट्टी आखून दिली तर ६ आणि ४ सेंमी चोख येतात, पण मग समान छेद मुलांना सापडत नाही, आयता मिळतो.

प्रोजेक्टर नाही, झेरॉक्स शक्य नाही. चौकटीची वही मात्र सगळ्यांकडे आहे. त्यात आयत काढून छेद मुलांकडूनच यावा, यासाठी पहिला प्रश्न कोणता विचारू? आणि लसावि त्याच तासिकेत घ्यावा की दुसऱ्या दिवशी?