सी विंगची लिफ्ट आणि दोनदा फ्लश

निलेश (सी-५०३): गुड मॉर्निंग. विषय जरा सिरियस आहे. आमच्या मजल्यावर किरणोत्सारी इंजेक्शन घेतलेला पेशंट काल घरी आलाय. लिफ्ट सगळ्यांची आहे. कमिटीला कुणी कळवलंय का?

शुभांगी (सी-३०४): म्हणजे अंगातून रेडिएशन बाहेर येतं??

सावंत (बी-६०१): चेर्नोबिलला असंच झालं होतं. थांबा, व्हिडिओ टाकतो.

सेक्रेटरी कुलकर्णी: सावंत, व्हिडिओ नको. आणि कृपया कुणाचं नाव न घेता बोलावे.

मेधा (सी-५०२): घ्या की नाव. पेशंट म्हणजे माझे बाबा. निलेश, आपल्या दोन दारांत चार पावलांचं अंतर आहे. ग्रुपवर टाकण्याआधी बेल वाजवायचीस.

निलेश: पर्सनली घेऊ नकोस गं. स्नेहाला सातवा महिना आहे, म्हणून घाबरलो.

मेधा: माहितीये. हॉस्पिटलने कागदच दिलाय, गरोदर बायका आणि लहान मुलांपासून काही दिवस लांब राहायचं. म्हणून बाबा खोलीतून बाहेरच येत नाहीयेत. कामाच्या मावशींनाही भरपगारी सुट्टी दिलीये.
प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत पसरलेला. हार्मोनची इंजेक्शनं झाली, केमो झाली. आता ल्युटेशियम-पीएसएमए. सहा-सहा आठवड्यांनी एक डोस, जास्तीत जास्त सहा. परवा पहिला झाला. रात्रभर वेगळ्या खोलीत ठेवलं, मीटर लावून मोजलं आणि मगच सोडलं.

गोखले काका (ए-१०१): मी डॉक्टर नाही, पण ट्रॉम्बेला ३४ वर्षं काढली आहेत, हा माल माझ्या ओळखीचा. ल्युटेशियम-१७६ ध्रुव अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनचा मारा करतात, त्याचं होतं १७७. ते पीएसएमए शोधणाऱ्या रेणूला जोडायचं. पीएसएमए हे प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींवर भरपूर असणारं प्रथिन. हाडात, लिम्फ नोडमध्ये, जिथे गाठ लपली असेल तिथे औषध जाऊन चिकटतं. त्यातले बीटा कण शरीरात फार तर २ मिलिमीटर जातात. गाठ भाजते, शेजारचं बरंचसं वाचतं.
बाहेर येतो तो थोडासा गॅमा. १ मीटरवर जेवढा असेल, २ मीटरवर त्याच्या पाव. शिवाय मध्ये भिंत. अर्धायुष्य ६.६५ दिवस, म्हणजे तेवढ्या वेळात किरणोत्सार निम्मा होतो, आणि लघवीवाटे पहिल्या दोन दिवसांतच बरंच निघून जातं.
निलेश, स्नेहाने एकाच लिफ्टमधून त्यांच्यासोबत जाऊ नये, हे बरोबर. त्यांच्यानंतर तासाभराने त्याच लिफ्टने गेली तर काही बिघडत नाही. लिफ्टला रेडिएशन चिकटून बसत नाही.

सावंत: पण लघवी ड्रेनेजमध्येच जाणार ना?

गोखले काका: सुरुवातीची, जास्त मात्रेची हॉस्पिटलात गेली. घरी उरलेल्यासाठी नियम साधा आहे. बसून करायची, झाकण लावून दोनदा फ्लश, हात स्वच्छ धुवायचे.

मेधा: काका, माझं घोडं तिथेच अडलंय. दोनदा फ्लश कुठून करू? आपल्याकडे पाणी सकाळी ७ ते ९. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या, मग बाबा तासाला जातात. काल रात्री ११ ला फ्लशची टाकी कोरडी. बादलीने ओतलं तर शिंतोडे उडतात, आणि नेमके तेच उडू द्यायचे नाहीयेत. रात्री २ वाजता मी मगाने, अगदी कडेकडेने, धार धरून ओतत होते.

सेक्रेटरी कुलकर्णी: हे आधी सांगायचं ना.

सावंत: पण या औषधाने पूर्ण बरं होतं ना?

डॉ. अपर्णा (ए-७०२): सावंत, हे ग्रुपवर विचारायचं असतं का?

मेधा: विचारू दे, अपर्णा. बाबांना सगळं माहितीये.

डॉ. अपर्णा: बरं. पूर्ण बरं करणारं नाही. अमेरिकेत ज्या चाचणीवरून २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तिच्यात केमो वगैरे होऊन गेलेले पेशंट होते. हे औषध मिळालेल्यांच्या आयुष्याचा मीडियन १५.३ महिने, फक्त नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचा ११.३. काहींचा पीएसए, म्हणजे रक्तात मोजतात ते प्रोस्टेटचं प्रथिन, धाडकन उतरतो, काहींना फरकच पडत नाही. तोंड कोरडं पडतं, कारण लाळग्रंथीही हे औषध ओढून घेतात.

मेधा: बाबा बँकेतले ना. म्हणाले, मीडियन म्हणजे निम्मे त्याच्या पुढेच जातात, मला त्या रांगेत धरा.

शुभांगी: अपर्णा, आमच्या भावजींना स्वादुपिंडाचा आहे. त्यांना देता येईल का हे?

डॉ. अपर्णा: बायोप्सीवर काय लिहिलंय? न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा, असेल तर ल्युटेशियमचंच दुसरं औषध आहे, डोटाटेट. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला ते बरीच वर्षं देतायत. आधी स्कॅन करतात. गाठी स्कॅनमध्ये उजळल्या तरच औषध, नाहीतर नाही. ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे स्वादुपिंडाचा नेहमी आढळणारा प्रकार, असेल तर त्या पेशींवर ते सहसा बसत नाही. त्याच्यासाठी फॅप नावाच्या वेगळ्या लक्ष्यावर चाचण्या चालू आहेत, रोजचा उपचार नाही झालेला अजून.

शुभांगी: ॲडेनो लिहिलंय.

डॉ. अपर्णा: फोन करते तुला.

वाघ काकू (बी-२०२): आता बोलतेच. २०११ मध्ये थायरॉइड काढल्यावर मी किरणोत्सारी आयोडीन घेतलं होतं. वेगळ्या खोलीत होते, जेवणाचं ताट दाराशी ठेवून जायचे. शंतनू तीन वर्षांचा, त्याला डोंबिवलीला आईकडे ठेवला. घरी आल्यावर त्याला आठवडाभर फोनवरच ऐकलं. सोसायटीत सांगितलं, गावाला गेले होते. याच लिफ्टने वर आले मी.

सावंत: काकू, तेव्हा गावाहून आणले म्हणून आम्हाला चिकू दिले होते ना तुम्ही?

वाघ काकू: ते मोठ्या दिरांनी दादरहून आणले होते. मी हातसुद्धा लावला नव्हता.

सेक्रेटरी कुलकर्णी: वॉचमनला सांगितलंय. आजपासून आठ दिवस सी विंगचा व्हॉल्व्ह दुपारी ३ ला आणि रात्री १० ला अर्धा तास उघडेल.

सावंत: आणि बी विंगला?

सेक्रेटरी कुलकर्णी: सावंत.

निलेश: मेधा, आमच्या बाथरूमवर ५०० लीटरची टाकी आहे. डक्टमधून पाईप टाकला तर तुमच्या फ्लशपर्यंत पोचेल. प्लंबर ६ ला येतोय. मधलं दार फक्त उघडं ठेव. आणि सॉरी.

मेधा: 🙏 बाबा खोलीतच असतील, प्लंबरला सांग.

(रात्री ११.२०)

मेधा: पाणी येतंय, पाईपने.

निलेश: कळलं. भिंतीतून ऐकू आलं, दोनदा.