शब्दचर्चा : फुटबॉलमधला ‘अष्टपैलू’ आणि योसेफ मासोपुस्त

प्रश्न : चेकोस्लोव्हाकियाच्या योसेफ मासोपुस्तवर लिहितोय. ‘अष्टपैलू मध्यरक्षक’ म्हटलं तर चालेल का? अष्टपैलू म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे कपिल देव उभा राहतो, ही भीती.

उत्तर : खुशाल लिहा. क्रिकेटने त्या शब्दाचे आठातले दोनच पैलू ठेवले, फलंदाजी आणि गोलंदाजी. पु. लं.ना आपण अष्टपैलू म्हणतो ते काही त्यांनी ऑफस्पिन टाकली म्हणून नव्हे!

मला खटकतो तो ‘मध्यरक्षक’. वर्तमानपत्रांनी रुळवलाय, पण त्यातला ‘रक्षक’ या माणसाचं निम्मं काम झाकतो. मासोपुस्त लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा. मागे येऊन चेंडू हिसकावायचा आणि तोच चेंडू घेऊन पुढे सुटायचं, असं दुहेरी काम. 17 जून 1962, सान्तियागो, विश्वचषकाचा अंतिम सामना. 15व्या मिनिटाला त्याचा सहकारी शेररने ब्राझीलच्या बचावफळीतून चेंडू सरकवला आणि मागून धावत येऊन गोल केला तो या ‘रक्षका’ने. दोन मिनिटांत अमारिल्दोने बरोबरी साधली, नंतर झिटो आणि वावा, 3-1 ने सामना गेला. तरी त्या वर्षीचा बॅलन डी’ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मासोपुस्तलाच मिळाला, पोर्तुगालचा युसेबियो दुसरा. देशाकडून 63 सामने, 10 गोल.

‘मधल्या फळीतला खेळाडू’ लिहा. तीही क्रिकेटमध्ये आहेच म्हणा, पण निदान कुणाचं रक्षण करत नाही.

आणखी एक मत : ‘सव्यसाची’ कसा वाटतो?

उत्तर : भारदस्त आहे, पण अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडायचा म्हणून सव्यसाची. दोन्ही पायांनी सारखंच खेळणाऱ्याला तो शोभेल, अनेक कामं करणाऱ्याला नाही. ‘चतुरस्र’ बुद्धीला आणि गायकीला ठेवू या.

प्रश्न : चेंडू पायाशी ठेवून एकेकाला चकवत नागमोडी जाण्याची त्याची पद्धत ‘मासोपुस्तचा स्लॅलम’ (स्लॅलम म्हणजे खांबांमधून नागमोडी जाण्याची स्कीइंगची शर्यत) म्हणून ओळखली जायची. इथे ‘पदलालित्य’?

उत्तर : नको, घुंगरू ऐकू येतात. कबड्डीतली ‘हुलकावणी’ आहे की! ‘हुलकावण्या देत’ म्हटलं की काम झालं.

प्रश्न : आणि पेलेचा प्रसंग? ‘खिलाडूवृत्ती’ लिहिलंय.

उत्तर : बक्षीस समारंभाच्या भाषणातला शब्द. प्रसंगच सांगा. 2 जून 1962, व्हिन्या देल मार, त्याच विश्वचषकातला ब्राझीलविरुद्धचा गटातला सामना. पेलेचा स्नायू दुखावला. तेव्हा बदली खेळाडू उतरवता येत नसे, म्हणून तो लंगडत मैदानावरच राहिला. चेंडू त्याच्याकडे आला की मासोपुस्त अंगावर न जाता थांबायचा, त्याला चेंडू सोडू द्यायचा. सामना 0-0 सुटला, म्हणजे ही सूट फुकटची नव्हती. पेले हे पुढे कधी विसरला नाही. मराठीत याला ‘दिलदारी’ म्हणतात.

जाता जाता, नावाबद्दल. उच्चार मासोपुस्तच, ‘मासोपस्ट’ नव्हे. चेकमध्ये हा नेहमीचा शब्द आहे : ईस्टरआधीच्या उपवासापूर्वीचा कार्निव्हल, गोव्यातला इंत्रुज. त्यातलं ‘मासो’ म्हणजे मांस, आणि ते आपल्या ‘मांस’चं सख्खं भावंड. ‘पुस्त’मध्ये सोडण्याचा अर्थ. एकूण सामिष आडनाव.