ट्रॉलीचे हँगर आणि हिच प्लेट : लेझर, प्लाझ्मा की गॅस कटिंग?

प्रश्न (फैजपूर, ता. यावल)

नमस्कार मंडळी. यावल-रावेर पट्ट्यात केळी वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे सुटे भाग बनवून देण्याचे काम आम्ही करतो. कमानपाट्यांचे (स्प्रिंगच्या पाट्यांचे) हँगर, म्हणजे ते पाटे ट्रॉलीला धरून ठेवणारे भाग, आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी हिच प्लेट आतापर्यंत गॅस कटरने कापून, ग्राइंडरने साफ करून आणि नंतर ड्रिलवर भोके पाडून देत आलो आहोत. आता गिऱ्हाइकांची मागणी अशी आहे की प्रत्येक भाग एकाच मापाचा असावा, म्हणजे ऐन हंगामात एखादा हँगर तुटला तर दुसरा ठोकाठोक न करता बसवता येईल. हँगर आणि हिचसाठी आयएस २०६२ ई२५० प्रतीची (साध्या पोलादाची) १० मिमी प्लेट आहे आणि तिच्यात २४ मिमी पिनेची भोके आहेत. याशिवाय ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमच्या अवजारपेट्या आणि जुन्या कमानपाट्यांच्या तुकड्यांतून कापलेले थोडे क्लॅम्प असतात. प्लाझ्मा जवळच होतो, लेझरसाठी जळगावला जावे लागते आणि वॉटरजेटसाठी (जोरदार पाण्याच्या धारेने कापण्यासाठी) माल नाशिक-पुण्याकडे पाठवावा लागेल. कशासाठी काय निवडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (जळगाव एमआयडीसी)

नमस्कार भाऊ. कापल्यानंतर त्या कडेवर आणि त्या भोकावर काय काम होणार आहे, हे आधी ठरवावे. दराची चौकशी त्यानंतर करावी. आपल्या १० मिमी प्लेटसाठी फायबर लेझर योग्य आहे. मशीन नीट राखलेले असेल तर बाहेरचे माप साधारण ०.१ ते ०.२ मिमीच्या आत राहते आणि पन्नासावा नग पहिल्यासारखाच निघतो. आपल्याला हव्या असलेल्या अदलाबदलीचा पाया हाच आहे.

तरीही पिनेचे भोक थेट लेझरवर २४ मिमी करून घेऊ नये. जाड प्लेटमध्ये वरचा आणि खालचा व्यास किंचित वेगळा राहतो, शिवाय किरण जिथून आत शिरतो आणि बाहेर पडतो तिथे बारीक खाच उरते. सतत हलणारी पीन अशा भोकात लवकर सैल होते. म्हणून लेझरवर २२ ते २३ मिमीचे भोक घ्यावे आणि अंतिम माप ड्रिल व रीमरने (भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) आणावे. भोकाची जागा लेझरने पक्की केलेली असल्यामुळे हे काम झपाट्याने होते. फक्त बोल्ट जाणारी, थोडी ढिली चालणारी भोके थेट लेझरवर काढायला हरकत नाही.

कोणत्या वायूने कापणार, हेही विचारून घ्यावे. एमएसची (साध्या पोलादाची) जाड प्लेट बहुधा ऑक्सिजनने कापतात आणि तिच्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो. तो न काढता रंग किंवा पावडर कोटिंग केले तर कडेपासून पापुद्रे सुटतात. नायट्रोजनने कड स्वच्छ निघते, पण खर्च वाढतो. आपल्या हँगरला ग्राइंडर लावायचाच असल्याने ऑक्सिजन पुरेसा आहे. अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र नायट्रोजनच सांगावा. पेटी वाकवून करायची असल्यास ५०५२ प्रतीचा पत्रा घ्यावा, कारण ६०६१-टी६ लहान त्रिज्येत वाकवला की बाहेरच्या बाजूने तडकतो.

उत्तर (धुळे, अवधान एमआयडीसी)

वरील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, परंतु प्लाझ्माला इतक्या लवकर बाजूला सारू नये. हिच प्लेटची बाहेरची कड कोणत्याही भागाला चिकटून बसत नसेल, तर तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने काहीही अडत नाही. अशा नगांसाठी सीएनसी प्लाझ्मा स्वस्त पडतो आणि जवळच होत असल्याने वाहतूकही वाचते. भोके मात्र प्लाझ्माने पाडू नयेत; तिथे फक्त केंद्राची खूण करून घ्यावी आणि ड्रिल करावे. साध्या प्लाझ्मावर जाडीच्या दीडपटीहून लहान भोक तर नीट निघतच नाही.

हवेवर चालणाऱ्या प्लाझ्मामुळे कडेत नायट्रोजन शिरतो आणि त्याच कडेवर वेल्डिंग केले की सांध्यात बारीक छिद्रे राहतात. त्यामुळे चमकदार धातू दिसेपर्यंत कड घासून मगच वेल्डिंग करावे. पावसाळ्यात कंप्रेसरच्या हवेतील ओलावा काढणारा ड्रायर चालू आहे की नाही, हे कारखान्यात जाऊन पाहावे. ओल्या हवेने नोझल लवकर झिजते आणि कड खडबडीत येते.

हँगरच्या बाबतीत याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कटिंगच्या आडव्या रेघा. भरलेली ट्रॉली खड्ड्यातून गेली की ताण हँगरच्या लांबीच्या दिशेने येतो, आणि त्या ताणाला काटकोनात असलेल्या प्रत्येक खोल रेघेपासून तडा सुरू होऊ शकतो. म्हणून कोणत्याही पद्धतीने कापले तरी कड लांबीच्या दिशेने घासावी आणि आतल्या कोपऱ्यांना त्रिज्या (गोलाई) द्यावी. चौकोनी आतला कोपरा ड्रॉइंगमध्ये ठेवूच नये.

प्रश्नकर्ता (फैजपूर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. हँगर लेझरवर आणि हिचच्या बाहेरच्या कडा प्लाझ्मावर करून घ्याव्यात, असे वाटते. कमानपाट्याच्या क्लॅम्पचे काय करावे? आणि कटिंगमध्ये जळणारी धातू धरून ड्रॉइंग थोडे मोठे द्यावे का?

उत्तर (भुसावळ)

ड्रॉइंग तयार मापाचेच द्यावे. कटच्या रुंदीची भरपाई मशीनचे सॉफ्टवेअर करते. आपणही ती धरली तर नग मोठा येईल. डीएक्सएफ फाईलसोबत (संगणकावरील ड्रॉइंगसोबत), कोणते भोक नंतर रीमर करायचे आहे, हे कागदावर स्पष्ट लिहून द्यावे. दर किलोवर न ठरवता कापाच्या लांबीवर आणि छेदांच्या संख्येवर विचारावा. २०० × १५० मिमीची १० मिमी प्लेट सुमारे २.३५ किलोची होते, पण साधी चौकोनी प्लेट आणि आठ भोके असलेली प्लेट यांचे वजन जवळपास सारखे असूनही मशीनचा वेळ फार वेगळा लागतो.

कमानपाट्याबद्दल मात्र मी आग्रहाने सांगतो की त्याला गॅस, प्लाझ्मा किंवा लेझर यांपैकी काहीही लावू नये. ते कार्बन जास्त असलेले, पाणी दिलेले पोलाद आहे. उष्णतेने कडेलगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो, त्याच्या शेजारचा नरम पडतो आणि वेल्डिंग केले तर तडे हमखास येतात. जुन्या पाट्यात आधीच थकव्याचे सूक्ष्म तडे असू शकतात, ते वेगळेच. खरोखर तेच पोलाद हवे असेल तर नवीन पाटा घेऊन वॉटरजेटवर कापावा, कारण त्यात उष्णता लागत नाही. परंतु आपल्या क्लॅम्पला स्प्रिंगचा गुण लागत नाही. ई३५० प्रतीची (ई२५०हून मजबूत) प्लेट घेऊन हँगरसोबत त्याच लेझरवर क्लॅम्प कापून घ्या, म्हणजे नाशिक-पुण्याला माल पाठवायची गरजच उरणार नाही.

आणखी एक विनंती. पाट्यांची संख्या, चाकांमधले अंतर किंवा हिचची उंची यांत बदल होत असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ (वाहनातील बदलांबाबतचे) लक्षात घेऊन आरटीओकडे आधी विचारणा करावी. मूळ मापाचा भाग बदलून देणे वेगळे आणि नोंदणीतील तपशील बदलणे वेगळे. पहिल्या लॉटमध्ये दोनच नग कापून घ्या, पीन घालून ट्रॉलीवर बसवून पाहा आणि मगच उरलेल्या नगांची ऑर्डर द्या.