शुगरवाल्यांनी क्रोमियम-मॅग्नेशियमचे डबे घ्यावे का? मले तं निव्वळ धंदा वाटते

अकोटवाला
आमच्याइकडं आठवडी बाजारात आता शुगरचे डबे विकून राह्यले. डब्यावर क्रोमियम, झिंक, सेलेनियम, मॅग्नेशियम सगळं लिहेल हाय अन् विकणारा सांगते का दोन महिने घ्या, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) सुटते. डबा दीड हजाराचा, तीच मेटफॉर्मिन सरकारी दवाखान्यात (पीएचसीत) फुकट भेटते, पण फुकटाची किंमत कोणाले हाय? अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आपल्या गाईडलाईनमध्ये साफ म्हणते का अंगात कमतरता नसन तं शुगरसाठी हे क्रोमियम-मॅग्नेशियम देऊ नका. माह्यं बी तेच म्हणणं. नसती उठाठेव कायले?

दर्यापूरचा मास्तर
भाऊ, सगळ्याइले एकाच माळेत ओवू नका. क्रोमियमचं सोडा, मॅग्नेशियमचं प्रकरण वेगळं हाय. शुगर वाढली का लघवीवाटे मॅग्नेशियम वाहून जाते, अन् ते कमी झालं का इन्सुलिनचं काम ढिलं पडते, म्हंजे शुगर अजून वर. त्यात आपल्या गावात कोणाले पाहा, सकाळी चहाच्या आधी ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल, अन् ती लय दिवस घेतली का मॅग्नेशियम पडू शकते असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं, एफडीएनं, २०११ मध्येच देऊन ठेवला. वरून बीपीसाठी लघवीची गोळी चालू असली तं विचारूच नका. मंग ते 'कमतरता नसन तं' आपल्या किती म्हाताऱ्याइले लागू होते सांगा बरं.

अकोटवाला
मास्तर, मंग तपासा ना रक्त! तपासल्याबिगर अंदाजपंचे डबा कायले?

लॅबवाला (अचलपूर)
तपासणी होते, पण तिच्यावर डोळे मिटून भरोसा ठेवू नका. अंगातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी १ टक्का सुद्धा रक्तात नसते, बाकी सगळं हाडात अन् मांसात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी आत कमी असू शकते. रिपोर्टात कमीच आलं तर मात्र खरंच कमी आहे समजा.

बोरचं पाणी
अरे बाप्पा, आमच्या बोरच्या पाण्यानं भांड्याले पांढरा थर बसते, साबणाले फेस येत नाही, अजून कोणतं मिनरल पाह्यजे? 😂

दर्यापूरचा मास्तर
हसा तुम्ही. आता ते पाणी पिते कोण? समदे आरोची कॅन आणून राह्यले, अन् आरोत मीठ जाते तसं मॅग्नेशियमही जाते. तसंही आपल्या खारपाणपट्ट्यातला, म्हंजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं हाय तिथला, खारेपणा मुख्य मिठाचाच, त्याले टॉनिक समजू नका.

सिस्टरताई
मास्तर, तुमचं अर्धं पटलं पण एक गोष्ट तुम्ही कोणीच बोलत नाही आहात. संग्रामपूर, जळगाव जामोद, तेल्हारा, या पट्ट्यात किडनीचे पेशंट किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे ना? किडनी कमजोर असली की जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचतं, मग बीपी पडतो, माणूस सुस्त होतो, हृदयाचे ठोके मंदावतात. शुगरवाल्याची किडनी आधीच धोक्यात, त्यात हा पट्टा, म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) बघितल्याशिवाय माझ्यासमोर कोणी त्या डब्याचं नाव काढायचं नाही. बाजारातला माणूस क्रिएटिनिन विचारतो का?

अकोटवाला
तो फक्त फोन-पे विचारते.

नागपुरी पोट्टा
पण काका, क्रोमियमवर चीनमध्ये अभ्यास झालाय ना १९९७ चा, १८० लोकांवर, चार महिन्यात शुगर उतरली. डबेवाले तेच दाखवतात.

लॅबवाला (अचलपूर)
झाला, पण नंतरच्या अभ्यासांत कुठे थोडा फायदा, कुठे काहीच नाही. २००५ मध्ये कंपनीला क्रोमियमबद्दल लिहायची परवानगी देताना एफडीएनं सोबत हेही लिहायला लावलं की क्रोमियम आणि शुगरचा हा संबंध अत्यंत अनिश्चित आहे. तेवढी ओळ डब्यावर शोधून दाखव. आणि त्यातलं सेलेनियम? २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला, रोज २०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांना उलट डायबेटिस जास्त झाला. शुगरच्या डब्यात शुगर वाढवणारी वस्तू, कमाल आहे राव.

जवसाची चटणी
माझ्या सासूबाई ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, तुरीचं वरण खायच्या. यात मॅग्नेशियम चिक्कार असते. आता शेतात सोयाबीन अन् कपाशी, ज्वारी पेरतच नाही कोणी, घरात रेशनचा पांढरा भात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या हिशेबानं पुरुषाले दिवसाले ४४० मिलिग्रॅम पाह्यजे, ते पॉलिश केलेल्या तांदळातून कुठून येणार? पण भाकर मोजूनच खा बरं, शुगर भाकरीनं बी वाढते.

नागपुरी पोट्टा
बाबांच्या पायात रात्री गोळे येतात अन् मुंग्या पण. मॅग्नेशियम चालू करू का?

सिस्टरताई
नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, मुंग्या त्याच्याही असू शकतात. आधी क्रिएटिनिन अन् बी-१२ करा, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा. ॲसिडिटीची गोळी घेतात का ते पण सांगा डॉक्टरला, ते कोणी सांगत नाही.

दर्यापूरचा मास्तर
अन् तवा मॅग्नेशियम बी करून घे म्हणा लॅबवाल्याले. कमी निघालं अन् किडनी चांगली असली तं डॉक्टरच गोळी लिहून देईन, मंग अकोटवाल्या भाऊचं तोंड पाहू.

अकोटवाला
पाहा ना. डॉक्टरनं लिहून दिली तं माह्यं काय जाते? मी बाजारातल्या डब्याचं बोलून राह्यलो.