स्टँडअपवाल्याला बातम्यांची खुर्ची आयती मिळते?

मध्यरात्र (धागाकर्ती):
काल इथेच एकाने लिहिलं, "जॉन स्टुअर्टला तयार कार्यक्रम मिळाला. समोरचं वाचायचं, भुवई उडवायची, झालं." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

'द डेली शो' या अमेरिकेतल्या विनोदी बातम्यांच्या कार्यक्रमामुळे गाजलेला हा माणूस १९८७मध्ये न्यूयॉर्कात स्टँडअप करायला लागला. बराच काळ कॉमेडी सेलर या क्लबमध्ये त्याची वेळ रात्री दोनची, सगळ्यांत शेवटची. तेव्हा समोर उरतात ती दमलेली, प्यायलेली माणसं. १९९३ला एमटीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला, तो १९९५ला बंद पडला. 'द डेली शो'ची खुर्ची आली जानेवारी १९९९मध्ये. याला आयतं म्हणायचं?

आणि कार्यक्रम तरी तयार कुठे होता? आधीचा सूत्रधार क्रेग किलबॉर्न असताना त्यात बरीचशी टिंगल विक्षिप्त सामान्य माणसांची व्हायची. स्टुअर्टने रोख राजकारण्यांवर आणि वृत्तवाहिन्यांवर वळवला.

मी स्वतः चार वर्षं माइकसमोर उभी राहिले आहे. सुरुवातीला एका बाईच्या लंगडण्याची नक्कल करायचे, हमखास हशा यायचा. एकदा तशीच चालणारी मुलगी पहिल्या रांगेत होती. सगळे हसले, ती उठून गेली. कोणावर हसायचं हे मला त्या रात्री कळलं. ते पडद्यावर वाचून कळत नाही.

तिसरी घंटा:
तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, निष्कर्ष पटला नाही. असाच कार्यक्रम करणारा स्टीफन कोल्बेअर शिकागोच्या सेकंड सिटी या नाट्यसंस्थेतला, म्हणजे इम्प्रोव्हचा, ऐनवेळी सुचेल ते सादर करणारा माणूस. इजिप्तचा बासेम युसुफ तर हृदयाचा सर्जन! २०११ला घरून यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला लागला, तिथून टीव्हीवर गेला, सरकारी वकिलांच्या चौकशीला सामोरा गेला आणि २०१४ला कार्यक्रम बंद करावा लागला. त्याने कुठे रात्री दोनची पाळी केली होती?

मध्यरात्र:
युसुफसमोर नमुना 'डेली शो'चाच होता, हे का गाळलंत? आणि जॉन ऑलिव्हर? स्टँडअपवालाच. २००६ला 'डेली शो'त वार्ताहर म्हणून आला, २०१३च्या उन्हाळ्यात आठ आठवडे स्टुअर्टची खुर्ची सांभाळली, तेव्हा कुठे २०१४ला एचबीओवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला.

बिनश्रेय:
खुर्ची, खुर्ची, खुर्ची! लिहिणाऱ्यांबद्दल कोणी बोलणार आहे का?

तीन वर्षं मी एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमासाठी लिहीत होतो. शेवटच्या नामावलीत नाव नाही. एका लग्नात मामांनी माझीच ओळ मला ऐकवली, "काय सुचतं रे त्या माणसाला!" मी लिहिली म्हणालो, तर हसले. ते अजून डोक्यातून जात नाही.

अमेरिकेतल्या टीव्ही-सिनेमा लेखकांचा २००७-०८चा संप आठवा. ७ जानेवारी २००८ला स्टुअर्ट लेखकांशिवाय परत आला. संप अजून महिनाभर चालणार होता.

मध्यरात्र:
त्याने तेव्हा कार्यक्रमाचं नाव 'अ डेली शो' केलं होतं. लेखक नाहीत तर हा तो कार्यक्रमच नाही, हे रोज जाहीर सांगायला. याहून पाठिंबा कसा द्यायचा?

बिनश्रेय:
घरी बसून द्यायचा! बाहेर फलक घेऊन उभं राहणाऱ्याला नावातल्या एका अक्षराने काय मिळतं?

तिसरी घंटा:
आणि लेखक सोडून बाकीचे? कॅमेरा, संकलन, रंगभूषा? माझी बहीण निर्मितीत काम करते. काम थांबलं की तिचा पगार थांबतो, तिच्या बाजूने कोणी फलक धरत नाही.

बिनश्रेय:
बहिणीचं दुःख खरं आहे, मान्य. पण ते काम थांबवणाऱ्या निर्मात्यांना विचारा, लेखकांना नको.

धागाकर्तीने ऐकावं म्हणून एक सांगतो. व्हायट सिनॅक, स्वतः स्टँडअपवाला, 'डेली शो'चा लेखक आणि वार्ताहर. २०१५ला मार्क मॅरनच्या पॉडकास्टवर त्याने सांगितलं : स्टुअर्टने हर्मन केन या कृष्णवर्णीय राजकारण्याच्या आवाजाची केलेली नक्कल त्याला खटकली, त्याने लेखकांच्या खोलीत तसं बोलून दाखवलं, तर स्टुअर्ट त्याच्यावर ओरडला. सिनॅक त्या खोलीतला एकमेव कृष्णवर्णीय लेखक होता. तुमच्या पहिल्या रांगेतली मुलगी निदान उठून जाऊ शकली. पगारावरचा लेखक कुठे जाणार?

मध्यरात्र:
हे लागलं मला. दोन तास उत्तर लिहून खोडत होते.

स्टुअर्टच्या खुर्चीआधीच्या बारा वर्षांच्या स्टेजचा मुद्दा मी सोडत नाही. पण समोरचा प्रेक्षक उठून गेला तर कळतं, खोलीतल्या माणसाने सांगितलं तर कळत नाही, असं स्टुअर्टचंही झालं असेल, एवढं मानते. एवढंच.

बिनश्रेय:
एवढंही आजवर कोणी मानलं नव्हतं. पण संपाबद्दल तुम्ही चूकच आहात.