कॅन्सर पेशींत लिनोलेइक कमी: खरा फरक की नमुना खराब?

परळची_पिपेट: जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी) कॅन्सर पेशींत ओलेइक जास्त, लिनोलेइक कमी येतंय; दोन्ही फॅटी अ‍ॅसिड्स. नमुने उणे २० अंश सेल्सिअसला ठेवले होते.

पेशीपुराण: दोन्ही शक्य. निरोगी पेशी फॅटी अ‍ॅसिड्स बहुतांशी रक्तातून उचलतात, कॅन्सर पेशी बऱ्याचदा स्वतः बनवतात. आधी पामिटेट हे फॅटी अ‍ॅसिड बनतं. ते लांबवून एससीडी१ या एन्झाइमनं एक दुहेरी बंध घातला की ओलेइक. लिनोलेइक मात्र आपल्या पेशींना बनवताच येत नाही, म्हणून त्याचा वाटा घसरतो.

दादर_टीटी: आधी पेशी वाढवायच्या द्रवातलं सीरम (रक्तद्रव) बघा हो, त्यातही फॅटी अ‍ॅसिड्स असतात. दोन्ही पेशींना एकाच लॉटचं दिलंय ना? नाहीतर तुम्ही सीरमच मोजताय.

पेशीपुराण: आणि उणे २० नको, उणे ८०. अर्कात बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन), वर नायट्रोजन. मुंबईच्या दमट हवेला उगाच बोल नको, लिनोलेइक खातो तो ऑक्सिजन.